डावीकडचा सूर्य

आमच्या व्हार्नेकूरमध्ये एव्हारिस्त लकाशेर याने वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत चार वास्तू उभ्या केल्या होत्या. नदीकाठची धुणी धुण्याची जागा, नोटरी बोद्री यांच्या आईचे थडगे, धान्याच्या गाड्या तोलायची खोली आणि चर्चच्या मागची मुतारी. चारही अजून उभ्या आहेत. मुतारीला तर ग्रीक पद्धतीचे दोन खांब आहेत. त्यांच्यामध्ये उभे राहिले की आपण काहीतरी मोठे काम करतो आहोत असे माणसाला वाटते.

एवढ्यासाठी काही तो पॅरिसला शिकायला गेला नव्हता. तिथल्या मोठ्या कलाशाळेत त्याने अकरा वर्षे काढली. त्या शाळेत वास्तुकला शिकवतात, म्हणजे मुख्यतः सावल्या शिकवतात. कागदावर इमारत काढायची आणि मग पातळ शाईचे एकावर एक वीस-वीस हात देत तिच्या सावल्या रंगवायच्या. सावली कुठे पडणार हे आधीच ठरलेले. शाळेचा सूर्य डावीकडे, वरच्या कोपऱ्यात, पंचेचाळीस अंशांवर असतो. इमारत राजवाडा असो की तबेला, तिचे तोंड उत्तरेला असो की दक्षिणेला, सूर्य डावीकडेच. हे फार सोयीचे आहे. बांधणाऱ्याच्या डोक्याची तेवढीच एक काळजी कमी.

लकाशेरच्या सावल्या शाळेत नावाजलेल्या होत्या. नोटरींच्या आईच्या थडग्याचा नकाशा आला तेव्हा त्यातली सावली पाहून नोटरींना रडू आले होते. पुढे थडगे बांधून झाले तेव्हा आले नाही.

मग बादशहाच्या सरकारने छोट्या शहरांना बंदिस्त मंडया बांधून द्यायचे ठरवले आणि लकाशेरचे नशीब उघडले. आमचा बाजार गुरुवारचा, आणि बाजार म्हणजे लोणी. रूआँचे आणि पॅरिसचे व्यापारी सकाळी सातला येतात आणि दुपारी बाराच्या आत गाड्या भरून जातात. लकाशेरने मंडईचा नकाशा केला. मागे लोखंडी खांबांचे उंच दालन. त्यात मांस, मासे आणि चीज. पुढे दक्षिणेच्या अंगाला एक लांबलचक उघडी पडवी, ती फक्त लोण्यासाठी, कारण लोण्याला शेजार सोसत नाही. माशाजवळ तासभर ठेवले तर त्याचा मासाच होतो. पडवीच्या डाव्या टोकाला घड्याळाचा मनोरा, उजवे टोक गाड्यांसाठी मोकळे. पॅरिसच्या समितीने नकाशा पाहिला, मंजूर केला आणि खाली ‘विशेष प्रशंसेसह’ असे लिहिले. आमच्या जिल्ह्यात तोपर्यंत विशेष प्रशंसा फक्त एका बैलाची झाली होती.

जून महिन्यात नकाशा नगरपालिकेच्या सभागृहात सोनेरी चौकटीत लावला. सगळे गाव पाहायला लोटले. लकाशेर स्वतः नवा काळा कोट घालून शेजारी उभा होता आणि नगराध्यक्ष ग्रांदोर्ज त्याच्या शेजारी. ग्रांदोर्ज धान्याचे व्यापारी, त्यामुळे प्रत्येक वस्तूकडे ते पोते पाहावे तसे पाहत.

दुसऱ्या दिवशी ओझानमावशी आली. सिदोनी ओझान, वय अडुसष्ट, चौकात एकाच जागी एकोणचाळीस वर्षे लोणी विकणारी. बाजाराची घंटा पालिकेचा शिपाई वाजवी, पण मावशीने मान हलवल्यावर. तिने नकाशासमोर कंबरेवर हात ठेवले.

“ह्या आम्ही का रे, पोरा?” पडवीतल्या इवल्या इवल्या बायकांकडे बोट करून तिने विचारले.

“हो, मावशी. ही पहिली तुम्ही.”

“जाड काढलीस.”

“प्रमाणात आहे.”

“असू दे. सावली झकास पडलीय. बघूनच गार वाटतं.” ती आणखी पुढे वाकली. “किती वाजलेत यात?”

“कशात?”

“या चित्रात.”

ग्रांदोर्ज हसले. “मावशी, मनोऱ्यावर घड्याळ काढलंय की! बघा, दहा वाजून दहा मिनिटं.”

“घड्याळ खोटं बोलतंय,” मावशी म्हणाली. “मनोरा कुणाच्या बाजूला?”

“लेगूच्या दारूच्या दुकानाच्या,” लकाशेर म्हणाला.

“आणि ऊनही तिकडूनच येतंय. लेगूच्या छपरावर सूर्य कधी येतो, ते माझ्या नवऱ्याला विचारा. तिथेच बसलेला असायचा. दुपारी तीनला! तीनला मी घरी असते, पाय गरम पाण्यात सोडून. सकाळी दहाला सूर्य असतो लोहाराच्या बाजूला.” तिने अंगठा नकाशाच्या उजव्या टोकावर, गाड्यांसाठी ठेवलेल्या मोकळ्या जागेवर टेकवला. “इथून आत शिरणार. माझ्यापासून त्या टोकाच्या मार्गरीतपर्यंत सगळ्यांना भाजून काढणार. अरे, ही पडवी नाही, भट्टी आहे. पाव भाजायला बरी.”

लकाशेरने घसा साफ केला.

“मावशी, चित्रात सूर्य डावीकडून दाखवायची पद्धत असते.”

“कुणाची?”

“शाळेची.”

“सूर्याला कळवलंय का?”

ती गेली. नकाशाच्या उजव्या टोकावर अंगठ्याएवढा तेलकट डाग तेवढा राहिला.

पुढच्या गुरुवारी लकाशेर सकाळी सातपासून चौकात उभा होता. वास्तुकलेत एकवीस वर्षे घातलेला माणूस सूर्य कुठून येतो हे पहिल्यांदाच पाहत होता, आणि ते पाहायला त्याला पाच तास लागले. साडेनऊला लोण्याला घाम फुटला. सव्वादहाला मावशीच्या लोण्यावरचा गव्हाच्या लोंबीचा छाप पुसट झाला. रूआँच्या व्यापाऱ्याने आपली लांब पोकळ सळई लोण्यात खुपसली, बाहेर काढली, तिच्यावरचे तेल पाहिले आणि पुढे गेला. बायका अजून छत्र्यांखाली बसत होत्या, आणि छत्री निदान फिरवता तरी येत होती. पडवी फिरवता येणार नव्हती.

दुपारी तो नगराध्यक्षांकडे गेला.

“मनोरा उजवीकडे न्यायला हवा,” तो म्हणाला.

“विशेष प्रशंसा झालीय, लकाशेर!”

“लोणी वितळेल.”

“वितळू दे! पंधरा सप्टेंबरपर्यंत मंजूर कागद हातात घेऊन पाया खणायला सुरुवात केली नाही, तर अनुदान शेजारच्या मेझरेला जातं. मेझरेला! त्यांच्या लोण्यात केस निघतात. आणि एकदा हा नकाशा मागे घेतला की मंजुरी संपली. मग नवा पास नाही झाला तर तुम्ही काय करणार?”

“मुताऱ्या बांधीन.”

“शिवाय डावीकडचा मनोरा मला पलंगावरून दिसतो.”

“उजवीकडचाही दिसेल. फक्त मान थोडी वळवावी लागेल.”

“मान वळवायची होती तर मी नगराध्यक्ष कशाला झालो?”

टोपी हातात घेऊन लकाशेर उभाच राहिला. त्याला चार भिंती, दोन खांब आणि एक थडगे यापलीकडे काहीतरी बांधायचे होते, आणि ते बांधायची परवानगी त्याच्या खिशात होती. ती खिशातून काढून त्याने टेबलावर ठेवली. “मागे घेतो,” तो म्हणाला. “भट्टी मी बांधणार नाही.”

ग्रांदोर्ज ओरडणार होते, पण तेवढ्यात खिडकीखालून ओझानमावशीचा आवाज आला. तिच्यामागे एकवीस बायका होत्या. “मस्यू ग्रांदोर्ज,” ती म्हणाली, “पोरगा सांगतोय ते ऐका. नाहीतर पुढच्या गुरुवारपासून आम्ही मेझरेला बसतो. तिथे झाडं आहेत.”

नगराध्यक्षांनी मान वळवली.

नवा नकाशा काढायला तीन आठवडे लागले. मनोरा उजवीकडे नेणे हे अर्ध्या तासाचे काम. पण मग सावल्यांची वेळ आली. शाळेच्या नियमाने सूर्य डावीकडे ठेवला तर उजव्या टोकाच्या मनोऱ्याची सावली बाहेर, लोहाराच्या दारात पडत होती आणि पडवीतल्या बावीसही बायका लख्ख उन्हात बसल्या होत्या. म्हणजे इमारत चुकीची होती तेव्हा चित्र बरोबर दिसत होते, आणि इमारत बरोबर झाली तर चित्र चुकीचे दिसू लागले.

“सोपं आहे,” ग्रांदोर्ज म्हणाले. “बायकाच काढू नका. मग ऊन कुणावर पडलं?”

लकाशेरने दोन कागद फाडले. तिसऱ्या कागदावर त्याने डोळे मिटून, दात घासायला लावलेल्या मुलासारखे तोंड करून, सूर्य उजवीकडे ठेवला. ऑगस्ट महिना, सकाळचे दहा. सावली मनोऱ्यापासून निघून पडवीभर पसरली, पहिल्या बाईपासून शेवटच्या बाईपर्यंत. वीस हात दिल्यावर ती इतकी गार झाली की ओझानमावशीने पाहून शालीसाठी हात पुढे केला, असे मार्गरीत सांगते. मार्गरीतचे सगळेच खरे धरू नये.

पॅरिसचे उत्तर दहा दिवसांत आले. ‘एक: सूर्य उजवीकडे दाखवला आहे. ही चूक पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही करत नाहीत. दोन: कागद उलट बाजूने गिरवला असावा असे समितीस वाटले व तो खिडकीला धरून पाहण्यात आला, परंतु अक्षरे सुलट आहेत. तीन: नियमाप्रमाणे सावल्या दुरुस्त करून पाहता सर्व विक्रेत्या उन्हात येतात, अर्थात मनोऱ्याची जागा चुकली आहे. आधीचा नकाशा उत्कृष्ट होता.’

लकाशेरने एका ओळीचे उत्तर लिहिले: ‘व्हार्नेकूरमध्ये सकाळी दहा वाजता सूर्य उजवीकडे असतो, खात्री करून घ्यावी.’

अशी ओळ कोणत्याही समितीला सहन होत नाही. ऑगस्टच्या चौथ्या गुरुवारी इन्स्पेक्टर ओबिनो स्वतः आले. सत्तरीचे, टक्कल असलेले, अत्यंत सज्जन गृहस्थ. शाळेत लकाशेरला सावल्या त्यांनीच शिकवल्या होत्या. गाडीतून उतरल्याबरोबर त्यांनी त्याचे दोन्ही खांदे धरले.

“लकाशेर! तू? इतरांकडून अपेक्षा होती मला. तू?”

“सर, जरा बसून घ्या,” लकाशेर म्हणाला.

चौकात सुतारांनी पडवी उभी केली होती, हुबेहूब मापाची. वासे, वर ताडपत्री. दोन्ही टोकांना उंचच उंच वाशांचे सांगाडे होते आणि गाड्यांवरच्या ताडपत्र्या मात्र एकाच सांगाड्याला पुरतील एवढ्या: एका वेळी एकच मनोरा. सातच्या ठोक्याला त्या डाव्या सांगाड्यावर चढवलेल्या होत्या. म्हणजे पॅरिसला आवडलेली मंडई तयार होती.

बायकांनी आपले लोणी लेगूच्या तळघरात ठेवले होते. टेबलावर एकटा मावशीचा वीस पौंडांचा गोळा, ओल्या फडक्याशिवाय. तिने इन्स्पेक्टरांना समोर, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवले. त्यांनी जुना, विशेष प्रशंसेचा नकाशा मांडीवर उलगडला, समोरचे दृश्य त्याच्याशी ताडून पाहिले आणि समाधानाने मान डोलावली.

“उत्तम. अगदी चित्रासारखं.”

आठ वाजले. नऊ वाजले. सूर्य लोहाराच्या धुराड्यावरून वर सरकला आणि मोकळ्या टोकातून आत शिरला. सगळे गाव पडवीच्या भोवती गोळा झाले होते आणि कोणीही विकत काही घेत नव्हते.

“मस्यू इन्स्पेक्टर, ऊन लागतंय का हो?” मावशीने विचारले.

“बाई, आपण सावलीत बसलो आहोत.” त्यांनी नकाशा दाखवला. “हे तुमचं टेबल. ही सावली.”

“हो, ते दिसतंय. पण तुमचा कान लाल झालाय.”

“कोणता?”

“उजवा.”

“तो नेहमीच असतो,” ओबिनो म्हणाले.

लकाशेर त्यांच्यामागे उभा होता. टोपीची कड त्याने हातात इतकी कुस्करली होती की ती पुढे कधी सरळ झाली नाही. पंधरा सप्टेंबरला तीन आठवडे उरले होते. या म्हाताऱ्याने नाही म्हटले तर मंडई मेझरेला, मावशी मेझरेला, आणि तो स्वतः धुण्याच्या जागेच्या छपराची कौले बदलायला.

पावणेदहाला लोण्याचा गोळा एका बाजूला झुकला. मावशीने तो सावरला नाही. दहाला त्याच्या पायथ्याशी पिवळे तळे झाले. इन्स्पेक्टरांच्या टकलावरून घामाची धार निघून कॉलरमध्ये शिरली. त्यांनी रुमाल काढला, कपाळ पुसले, रुमाल ठेवला. मग चौकातल्या तीनशे माणसांदेखत, स्वतःच्याही नकळत, त्यांनी मांडीवरचा विशेष प्रशंसेचा नकाशा उचलला आणि उन्हाच्या आड धरला.

उजव्या कानाशी.

एक माणूस हसला, बहुतेक लेगू. मावशीने त्याच्याकडे नुसते पाहिले आणि तो गप्प झाला.

“सर,” लकाशेर अगदी हळू म्हणाला, “तुम्ही उजवीकडे धरलात.”

ओबिनोंनी वर पाहिले. हात खाली घेतला, ऊन लागले. परत वर नेला. पुन्हा खाली घेतला. त्यांनी तो नकाशा डाव्या कानाशीही धरून पाहिला, कारण माणूस शिस्तीचा होता. नंतर ते बराच वेळ लोहाराच्या धुराड्याकडे बघत बसले. पन्नास वर्षांत किती सावल्या शिकवल्या असतील याचा ते हिशेब करत होते की काय, देव जाणे.

“विचित्र दिवस आहे,” ते म्हणाले.

“दर गुरुवारी असाच असतो,” मावशी म्हणाली.

“रोजच असा असतो, सर,” लकाशेर म्हणाला. “मलाही जूनपर्यंत माहीत नव्हतं.”

आता म्हातारा काय करतो याकडे सगळ्यांचे डोळे लागले. आणि इथे ओबिनोंनी जे केले त्याबद्दल आमच्या गावात त्यांना अजून मान आहे. ते ताडकन उठले, काठीने उजवा सांगाडा दाखवला आणि गरजले: “मनोरा हलवा! केव्हापासून बसवलंय मला उन्हात!”

सुतार वाटच पाहत होते. ताडपत्र्या सरसर उतरल्या, चौकातून धावत गेल्या, पलीकडे चढल्या. शेवटची ताडपत्री वर पोचली आणि सावली पडवीत आली. ती एकदम नाही आली. आधी मावशीच्या टेबलावर, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. वाऱ्याने ताडपत्री हलली की ती मागे सरे आणि पुन्हा पुढे येई. बाविसाव्या टेबलापर्यंत पोचली तेव्हा टोकावरून मार्गरीत किंचाळली, “आली गं बाई, आली!”

बायका तळघराकडे धावल्या. पाच मिनिटांत बावीस टेबलांवर बावीस गोळे होते, कडक, छाप ठसठशीत. मावशीने शिपायाकडे पाहून मान हलवली. घंटा वाजली. रूआँचा व्यापारी सगळ्यांत पुढे आला, सळई खुपसली, फिरवली, बाहेर काढली. कोरडी. त्याने ती नाकाशी नेली, टोकाचे लोणी जिभेवर ठेवले आणि डोळे मिटले.

“सगळं घेतो,” तो म्हणाला.

“सगळं तुझ्या एकट्याच्या घशात कसं घालू?” मावशी म्हणाली. “रांगेत उभा राहा.”

ओबिनोंनी नव्या नकाशावर तिथेच, लोण्याच्या टेबलावर सही केली. पण समितीचा माणूस. शेरा लिहिल्याशिवाय सही कशी करणार? तो कागद आजही पालिकेत पाहायला मिळतो. ‘व्हार्नेकूर नगरपालिकेच्या हद्दीत, बाजाराच्या दिवशी, सकाळी सात ते बारा या वेळेत, सूर्य उजवीकडे असण्यास समितीची हरकत नाही.’ सूर्याने ही परवानगी आजतागायत काटेकोरपणे पाळली आहे.

सही वाळू दिल्यावर त्यांनी लकाशेरला बाजूला घेतले. “शाळेत कुणाला सांगू नकोस,” ते म्हणाले. मग थोडे थांबून, “नाही. सांग. मीच सांगतो.”

बारा सप्टेंबरला पाया खणायला सुरुवात झाली. मेझरेच्या नगराध्यक्षांनी आमच्या नगराध्यक्षांना अभिनंदनाचे पत्र पाठवले. ते इतके छोटे होते की त्यांना किती वाईट वाटले ते लगेच कळत होते.

मंडई दोन वर्षांनी, ऑगस्टातच, उघडली. खुद्द प्रीफेक्ट, म्हणजे जिल्ह्याचे प्रमुख, आले होते आणि त्यांनी बारा पानी भाषण आणले होते. दुसऱ्या पानावर, ‘सम्राटांच्या दूरदृष्टीने’ या शब्दांपाशी, सात वाजले. मावशीने मान हलवली. मनोऱ्यातली घंटा वाजली आणि बावीस बायकांनी प्रीफेक्टकडे पाठ करून लोणी विकायला सुरुवात केली. त्या गलक्यात उरलेली दहा पाने त्यांनी एकट्यानेच ऐकली. बँड वाजवणारेसुद्धा लोणी घ्यायला गेले होते.

लकाशेरला व्यासपीठावर खुर्ची होती. ती रिकामी होती. अकरा वाजता, चौकात दगड तापून घोड्यांनी पाय उचलायला सुरुवात केली तेव्हा, तो पडवीच्या मधोमध सापडला. लोखंडाचे खांब, दगडाचा मनोरा, वर लांबलचक छप्पर. हे सगळे त्याचे होते, आणि तो त्यातले काहीच पाहत नव्हता. खाली मान घालून तो आपल्या हातांकडे बघत होता. सावलीत वारा खेळत होता आणि त्याच्या मनगटांवर काटा आला होता.

“बरं वाटत नाहीये का रे, पोरा?” मावशीने टेबलामागून हाक मारली.

“थंडी वाजतेय, मावशी!” तो ओरडला. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला. “ऑगस्टात! अकरा वाजता! मला थंडी वाजतेय!”

“मग कोटाची बटणं लाव,” मावशी म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्याने बटणे लावली, अगदी गळ्यापर्यंत, आणि बाजार उठेपर्यंत तो तिथेच कुडकुडत उभा राहिला.